राहिलेला हात

कंपनीचा कारभार पाहणाऱ्या धनश्रीने लॅपटॉप सुंदररावांकडे वळवला. त्यांनी पडद्याकडे न पाहता बशीत चहा ओतला आणि सावकाश फुंकर घातली.

"संभाजीनगरचे फोटोग्राफर आहेत," ती म्हणाली. "कंपन्यांचेच कार्यक्रम करतात. उद्घाटनाला पुण्याहून दूध घेणारी मंडळी येणार आहेत, तात्या. फोटो त्या तोडीचे हवेत."

"आन् आपला गहिनीनाथ काय मेला का?"

गहिनीनाथ दारातच उभा होता. चकलांब्याच्या बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ होता. गावातली लग्ने, बारशी आणि वाढदिवसांचे फ्लेक्स सगळे त्याच्याकडे. सुंदररावांनीच त्याला निरोप धाडून बोलावले होते. खांद्यावरची बॅग त्याने अजून खाली ठेवली नव्हती.

"ये बे, बस. मॅडम तुझी परीक्षा घेत्यात."

तो बसला. टेबलाच्या पलीकडे मनकर्णाबाई होत्या, कंपनीच्या अध्यक्षा. त्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही. शेळ्या राखणाऱ्या वस्त्यांवरच्या बायकांनी मिळून ही कंपनी उभी केली होती, आणि आता दूध थंड करण्याचे केंद्रही बांधून झाले होते. जागा मात्र सुंदररावांची, भाड्याने घेतलेली. त्यामुळे कंपनीच्या कोणत्याही बैठकीला ते न बोलावता येत आणि मधल्या खुर्चीत बसत.

मनकर्णाबाईंचा उजवा हात पदराखाली होता. भूमिपूजनानंतर त्यांना ती सवयच लागली होती.

भूमिपूजनाची पहिली कुदळ त्यांनी मारली होती. एका बाजूला सुंदरराव, दुसऱ्या बाजूला त्यांची सून राजनंदिनी. दोघांनी नावापुरता दांड्याला हात लावला होता. फोटो गहिनीनाथने काढले. चार दिवसांनी सुंदररावांनी चौकात फ्लेक्स लावला, त्यात सुंदरराव होते, राजनंदिनी होती, आणि मनकर्णाबाई नव्हत्या. कुदळीच्या दांड्यावर फक्त त्यांचा उजवा हात राहिला होता. हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदलेली तुळस, आणि मनगटाच्या मागे कोणीच नाही.

सुंदररावांच्या ध्यानात येऊन फ्लेक्स उतरेपर्यंत गावाने पोटभर हसून घेतले होते. "तात्याला तिसरा हात फुटला," असे टपरीवर बोलले जाई. दूध घालायला आलेल्या बायका मनकर्णाबाईंना विचारत, "बाकीची कुठं ठिवलीस गं?" सुंदररावांनी गहिनीनाथला चौकात, चारचौघांत शिव्या घातल्या. "चुकून राहिलं, तात्या," एवढेच तो म्हणाला होता.

आता ते हसणे सरले होते. परवा वस्तीवर दूध घालणाऱ्या केसरबाईंनी धनश्रीच्या समोरच सांगून टाकले होते, "मनकर्णे, ह्या बारीला बी तू फोटूत दिसली न्हाईस, तर आमी समजू, कंपनी त्येंचीच हाय. मग आमचं दूध आपलं पयल्या गवळ्याला." बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या होत्या.

म्हणून धनश्रीने बाहेरचा फोटोग्राफर शोधला होता. त्याला इथले कोणी ओळखत नव्हते, आणि कोणी निरोप धाडून बोलावू शकत नव्हते.

"तात्या, मी स्पष्टच बोलते," ती म्हणाली. आपला आवाज बारीक झाला आहे, हे तिचे तिलाच कळले. "भूमिपूजनाच्या वेळी जे झालं, ते पुन्हा व्हायला नको."

"न्हाई होणार." सुंदररावांनी बशी खाली ठेवली. "चुकतंय की माणूस. पर गड्याच्या हातात लई सफाई हाय. दाखव रे मॅडमला. आमच्या अमरसिंहाच्या लग्नातला, त्यो पाव्हण्याचा."

गहिनीनाथ हलला नाही.

"कावून लाजतो बे? दाखव."

त्याने बॅगेतून टॅब काढला आणि टेबलाच्या मध्यभागी ठेवला. लग्नाचे व्यासपीठ होते. नवरदेव अमरसिंह, शेजारी राजनंदिनी, दोघांच्या गळ्यांत मोगऱ्याचे जाड हार. मागे झालरीचा पडदा, त्याच्या चुण्या एकसारख्या.

"हितं आमचे एक पाव्हणे हुभे हुते," सुंदरराव पुढे वाकले. "निवडणुकीत उलटे गेलते. आन् लग्नात बघा, अमरसिंहाच्या खांद्यावर हात टाकून, जसं काय ह्येनंच पोरगं वाढवलं! हुडका बरं, कुठं हायेत?"

धनश्रीने पाहिले. खांद्यावर काही नव्हते. फेट्याचा शेमला, हाराची फुले, शेरवानीची नक्षी, कुठे डागसुद्धा नव्हता.

"सुनबाईनं माप ओलांडलं त्याच्या दुसऱ्याच दिशी ह्येनं आल्बम करून आणून दिला," सुंदरराव म्हणाले. "आसं बोट ठिवाया जागा न्हाई."

मनकर्णाबाईंनी प्रथमच मान वर केली. त्या टॅबकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"त्येंचा हात हुता म्हणत्यात ना," त्या म्हणाल्या. प्रश्न सुंदररावांना नव्हता. "पोराच्या खांद्यावर?"

"हुता, मावशी," गहिनीनाथ म्हणाला.

"हाराच्या वर?"

"वर."

"त्यो बी गेला?"

"गेला."

"आन् खालची फुलं?"

"फुलं नवी घातली."

बाहेर एक टेम्पो येऊन थांबला. रिकाम्या कॅनचा खडखडाट झाला आणि विरला. सुंदरराव खुशीत मान डोलवत होते.

"म्हंजी कायच राहत न्हाई," मनकर्णाबाई म्हणाल्या.

गहिनीनाथने टॅब स्वतःकडे ओढला. पडदा आपोआप काळा झाला होता, तरी तो त्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"मी ठिवलं तरच राहतं," तो म्हणाला.

"बघा!" सुंदररावांनी टेबलावर थाप मारली. "आता तर तोंडानं बोलला. ह्या बारीला कायबी राहणार न्हाई!"

धनश्रीने तोंड उघडले होते. ते लग्न भूमिपूजनाच्या आधीचे होते, ही सफाई तेव्हाही त्याच्या हातात होती, एवढेच तिला म्हणायचे होते. आणि म्हणायच्या आतच ती थांबली. तिने गहिनीनाथकडे पाहिले. तो बॅगेची चेन लावत होता, आणि एवढी साधी चेन त्याच्याकडून लागत नव्हती.

"मॅडम," मनकर्णाबाई म्हणाल्या, "ह्यालाच सांगा."

"मावशी, नक्की?"

"मला कुठं हुभं करायचं, ते ह्याला ठावं हाय."

"लाख बोललीस, मनकर्णा," सुंदरराव उठले. "गावचं काम गावच्या माणसाला. मॅडम शिकल्या-सवरलेल्या, पर ह्यी अक्कल पुस्तकात न्हाई." जाता जाता त्यांनी गहिनीनाथच्या पाठीवर थाप मारली. "फीत कापताना सुनबाई मधी आली पायजे. ध्यानात ठिव."

"ठिवतो, तात्या."

त्यांची गाडी रस्त्याला लागली. धनश्रीने लॅपटॉप मिटला. तिला काहीतरी विचारायचे होते, पण विचारले तर ते बोलणे या खोलीत राहील, आणि मग कुठूनही फुटेल, असे तिला वाटले.

गहिनीनाथने कॅमेरा काढला. "मावशी, जरा भाईर येता का? दारापाशी उजेड कसा पडतोय, बघून घेतो."

केंद्राच्या नव्या दाराला अजून रंगाचा वास होता. मनकर्णाबाई पायऱ्या चढून चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, पाहुण्यांना वाट सोडावी तशा.

गहिनीनाथने कॅमेरा डोळ्याला लावला, आणि काढला.

"तितं न्हाई, मावशी. मधी या."

"मधी राजनंदिनी हाय ना?"

"त्या तुमच्या अंगाला लागून. तात्या दुसऱ्या अंगाला." तो कॅमेऱ्याच्या चकत्या फिरवत, खाली मान घालूनच बोलत होता. "कडंचं माणूस काढाया सोपं जातं. आन् दोघांचा हात तुमच्या हाताच्या वर पायजे. कात्री तुमच्या हातात, वर त्येंचे हात. मग एकाला काढाया गेलं, तर समदंच फाटतं."

मनकर्णाबाई दोन पावले सरकल्या. धनश्री पायरीखाली उभी होती. तिने कोणी न सांगता त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन राजनंदिनीची जागा घेतली.

"आसंच," गहिनीनाथ म्हणाला. "आता कात्री धरल्यावानी करा."

मग मनकर्णाबाईंनी पदराखालचा हात बाहेर काढला.