माकडानं नेलेला अडकित्ता

“आई, अख्ख्या संभाजीनगरात ही गोष्ट कुणाला पटणार नाय. तुलाबी नाय पटणार. पण तुझा अडकित्ता माकडानं नेला.”

एवढं बोलून कृष्णानं एका पायातला बूट काढला, दुसरा तसाच ठेवला आणि घरातल्या घरात येरझारा घालायला लागला.

मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सकाळपासून सुपारीचं खांड मिळालं नव्हतं. तोंडाची चव गेली होती आणि जिभेला धार आली होती.

“माकडानं?” त्या म्हणाल्या. “का रं, त्याचे दात पडले होते व्हय?”

पलीकडं कृष्णाची बायको दीपमाला मेथी निवडत होती. पाचवा महिना लागलेला. कृष्णानं पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला.

माकडाची मजा घ्यायची तर कृष्णाच्या मनात काय खदखदत होतं ते आधी कळलेलं बरं. लग्नाच्या आधीपासून त्याचं कपाळ मागं सरकायला लागलं होतं. वाळूजच्या कारखान्यात त्यानं दुपारी हेल्मेट काढलं की छतावरची कबुतरं दिवस उगवला समजून घुमायला लागत. शेवटी त्यानं कातडीच्या डॉक्टरला गाठलं. डॉक्टरनं रोज एक छोटी गोळी दिली, एक मिलिग्रॅमची. घरी मात्र हे सांगायची सोय नव्हती. मनकर्णाबाईंनी आधीच माक्याचं तेल काढून त्याच्या टाळूवर जिरवायला सुरुवात केली होती. गोळीनं लव दिसायला लागली आणि नाव झालं तेलाचं. बाई बाटली घेऊन गल्लीभर फिरल्या. दोन टकले तर भल्या पहाटे दारात येऊन बसायला लागले. आता कुठल्या तोंडानं सांगणार?

तशात कारखान्यातला गोकुळ म्हणाला, “येडा हायस का? हीच गोळी म्हाताऱ्यांच्या लघवीच्या तक्रारीवर पाच मिलिग्रॅमची स्वस्तात मिळते. एक घे, चार तुकडे कर.” कृष्णानं शहागंजातून ती आणली, नसलेल्या चुलत्याच्या नावावर. सुरीनं कापायला गेला, तर गोळी उडून कपाटाखाली. अडकित्त्यात धरली, तर सुपारीसारखी सरळ चिरली गेली. रोज पाव. पुढं त्याच्यातला शेतकरी जागा झाला. कपाशीला युरियाची एक मूठ जास्त पडली की झाड काळंभोर होतं, हे त्यानं लहानपणापासून बघितलेलं. पावानं गळती थांबते, तर अर्ध्यानं जंगल माजेल! त्यानं अर्धी सुरू केली. जंगल काही माजलं नाही. छाती तेवढी दुखायला लागली आणि जीव कशातच रमेना. म्हणून तो काल संध्याकाळी पुन्हा डॉक्टरकडं गेला.

“हा काय युरिया आहे?” डॉक्टर कडाडले. “जास्त टाकून जास्त उगवत नाही. आता काही दिवस पूर्ण बंद. मग मी सांगेन तेव्हा एक मिलिग्रॅम, तीसुद्धा न तोडता.” लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, “घरात कोणी गरोदर?”

“मिसेस. पाचवा चालू हाय.”

डॉक्टरांचा पेन थांबला. “तोडलेल्या गोळीला, तिच्या भुकटीला गरोदर बाईनं हात लावायचा नसतो. पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीत दोष येऊ शकतो. कशानं तोडता?”

“अडकित्त्यानं.”

“तो आणखी कोण वापरतं?”

सासूच्या दातांना झेपेल अशी सुपारी रोज दीपमालाच कातरायची. अडकित्ता पुसायचीही तीच.

“बहुतेक काही झालेलं नसेल,” डॉक्टर म्हणाले. “पण तो अडकित्ता घरातून काढा, आणि आजच बायकोला सांगा. तिच्या डॉक्टरांना हे कळलं पाहिजे. काय तपासायचं ते त्या ठरवतील.”

अडकित्ता काढणं सोपं गेलं. सकाळी कागदात गुंडाळून त्यानं तो पुलावरून खाम नदीत सोडला. सांगणं मात्र काल राहिलं, आज सकाळी राहिलं, आणि आता दिवेलागणीला त्याच्या तोंडून निघालं ते हे माकड.

“कुठं गाठलं म्हणं माकडानं?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

“छावणीत. धार लावायला शहागंजात निघालो होतो. लष्कराच्या गाड्या चालल्या होत्या म्हणून थांबलो. पिशवी हँडलला. झाडावरनं एक वानर उतरलं, पिशवीत हात घातला. डबा सोडला, केळी सोडली, नेमका अडकित्ता उचलला.”

“पितळी हाय तो. त्यालाबी पारख असंल.”

“फांदीवर जाऊन बसलं आन् आई, सुपारी कातरायला लागलं!”

“सुपारी कुठली?”

कृष्णा तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला. “टपरीवरनं आधीच चोरलेली होती. बिचारं कधीचं अडकित्त्यासाठी थांबलं होतं.”

“असंल, असंल.” बाई पुढं सरकल्या. सुपारी नाही तर नाही, सुपारीची गोष्ट तरी तोंडात घोळवायला मिळत होती. “जाड कातरत होतं का बारीक?”

“बारीक. तू कातरायचीस त्याच्याहून बारीक.”

“तेवढं खोटं. बाकीचं सांग.”

“खाली ही रांग लागली माकडांची! एका मिलिटरीवाल्यानं ट्रक थांबवला, शिट्टी मारली, तरी एक हलंना. एक म्हातारी माकडीण आली, तिचे दात पडलेले. तिला चुरा करून दिला.”

“बघ! माकडाला कळतं. माझ्या पोटचा मात्र सकाळधरनं मला उपाशी ठेवून फिरतोय.”

कृष्णाला हसू आलं नाही. तो खिडकीपर्यंत गेला, परत आला. कपाळावरचा घाम त्यानं बाहीनं पुसला. जीभ आता त्याची राहिली नव्हती.

“मग एक पोटुशी माकडीण आली. तिनं हात पुढं केला. तर त्या वानरानं तिला सुपारी दिली नाय. अडकित्त्याला हात लावू दिला नाय. जवळसुद्धा येऊ दिलं नाय. आधी कधी हात लागला असंल तर... म्हणजे, ते वानर लई घाबरलं, आई. अडकित्ता घेतला आन् पळालंच.”

“आता गं!” मनकर्णाबाई म्हणाल्या. “आन् ते कशापायी घाबरलं?”

दीपमालाच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

“आत्याबाई, खोटं बोलतायत हे,” ती म्हणाली. “सगळं खोटं. अहो, इकडं बघा. मघापासून गोष्ट आईला सांगताय आन् नजर माझ्या पोटावर हाय तुमची. माकडाचं राहू द्या. त्या अडकित्त्याला काय लागलं होतं?”