झाकलेली पायवाट

मैदानाच्या माळ्याला सगळे शिट्टीकाका म्हणत, आणि काकांना हे ठाऊक नाही अशी सगळ्यांची समजूत होती. गळ्यात दोरीला अडकवलेली पत्र्याची शिट्टी, आणि गवतावर कोणाचा पाय पडला रे पडला की ती वाजलीच म्हणून समजा. एकतीस वर्षं हा उद्योग चालला होता. लॉनच्या बाबतीत काका नाकावर माशी बसू देत नसत. स्वतःसुद्धा मैदानाच्या कडेकडेने फिरत.

मैदान राखायची नगरपालिका, पण मालकी होती बंद पडलेल्या एका कापडगिरणीची. गिरणीच्या वारसांनी आता ते विकायला काढलं होतं. एक बिल्डर नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन दोनदा येऊन गेला होता. उपाय एकच उरला होता. मोकळ्या जागा राखण्यासाठी सरकारने लोकांच्या करातून एक निधी उभा केला होता. त्यातून पैसे मिळाले तर नगरपालिका मैदान विकत घेणार आणि ते कायमचं मोकळं राहणार. पण अर्ज खंडीभर आणि निधी चिमूटभर. म्हणून पाहणीला माणूस येणार, गुण देणार, आणि ज्याला जास्त गुण ते मैदान वाचणार.

"महिनाभराने पाहणी आहे," उद्यान अधीक्षक काकांना म्हणाले. "मैदान कसं आरशासारखं दिसलं पाहिजे. सगळं आता तुमच्यावर."

एवढं सांगायला नको होतं. मैदान गेलं तर काका कुठे जाणार होते? निवृत्तीला दोन वर्षं होती. कुठल्यातरी चौकातल्या कुंड्यांना पाणी घालत ती काढायची, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि सकाळी ते कामाला लागले ते थेट पायवाटेपासून.

ही पायवाट म्हणजे काकांचं जुनं दुखणं. मैदानाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, तिरकी, दोन हात रुंद, गवताचं पातं नसलेली. काकांनी तिच्यावर चारदा बी पेरलं होतं आणि चारही वेळा लोकांनी ते तुडवलं होतं. आता साहेबांचाच हुकूम होता. काकांनी सगळ्या मैदानाला दोरी बांधली, 'प्रवेश बंद'ची पाटी लावली आणि रोपवाटिकेतून तयार लॉनच्या पट्ट्या आणवून पायवाटेवर सतरंजीसारख्या अंथरल्या. महिनाभर पाणी मारलं, कडा दाबल्या, रंगाला रंग मिळवला. शेवटी इथे कधी पायवाट होती हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. काकांना स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की ते तासभर नुसते बघत उभे राहिले.

पाहणीला एक बाई आल्या. पायात बूट, हातात पॅड, बोलणं मोजकं. दुपारी बाराच्या सुमाराला त्यांनी दोरीच्या बाहेरून सगळ्या मैदानाला फेरी मारली. मागे अधीक्षक, त्यांच्या मागे काका.

"फार सुंदर ठेवलंय," बाई म्हणाल्या. काकांची छाती दोन इंच फुगली. "पण इथे कोणी येतं का?"

"येतात की! रोज येतात!" अधीक्षक म्हणाले.

"मला तर कुठे काही दिसत नाही. गवत कुठे दबलेलं नाही, बाकाखाली एक टरफल नाही, मैदान ओलांडणारी साधी पायवाट नाही." बाईंनी पॅडवरचा कागद उलटून दाखवला. "देखभालीला दहा गुण आहेत, साहेब. लोकांच्या वापराला तीस. लोक ज्या जागेवर पाऊलच टाकत नाहीत ती राखायला लोकांचा पैसा कसा द्यायचा? मला शून्य लिहावं लागेल."

अधीक्षकांच्या तोंडचं पाणी पळालं. हाच कागद त्यांच्याकडेही आला होता, पण त्याची मागची बाजू त्यांनी कधी वाचलीच नव्हती. आणि काका? काकांना एकदम उमगलं. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, तोही महिनाभर पाणी घालून!

तेवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. रस्त्याने वळसा घालून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती, आणि गुडघा धरून त्या बाकावर टेकल्या.

"लांबून आलात का, मावशी?" बाईंनी विचारलं.

"लांबून कसली? त्या कोपऱ्यापलीकडेच तर घर आमचं. सरळ आलं की पाच मिनिटं. पण महिना झाला, रस्त्याने यावं लागतं. यांच्या गवताला धक्का नको ना लागायला!"

"सरळ म्हणजे कुठून?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं.

आता गप्प बसणं शक्य होतं. बायको म्हातारी झाली आहे, काहीही बोलते, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण काकांनी दोरी वर उचलली आणि एरवी कडेकडेने फिरणारे ते सरळ लॉनच्या मधोमध चालत गेले. खाली बसून त्यांनी एका पट्टीची कड धरली आणि ओढली. महिन्याभरात मुळं जमिनीत शिरायला हवी होती. इथे ती शिरलीच नव्हती. पांढरी मुळं खाली वाट न मिळाल्याने आडवीच पसरली होती, आणि अख्खी पट्टी अलगद हातात आली. खालची जमीन फरशीसारखी टणक होती.

"ही वाट होती, मॅडम. मीच झाकली," काका म्हणाले. "मैदान चांगलं दिसावं म्हणून. चूक माझी आहे, साहेबांची नाही."

बाई खाली वाकल्या. त्यांनी जमिनीवर बोटाने टकटक केलं.

"कोण कोण जायचं इथून? काही नोंद आहे?"

"नोंद कसली, मॅडम! तोंडपाठ आहे," काका म्हणाले आणि मग त्यांचं तोंड थांबेना. "सहा चाळीसला दवाखान्यातली नर्स. रोज उशीर, रोज पळत. सातला दोन बहिणी, एक बोलते, दुसरी नुसती हूं हूं करते. साडेसातला शाळेची पोरं, तीस-पस्तीस तरी, त्यातली दोन माझ्या शिट्टीची नक्कल करतात. दहाला पोस्टमन, सायकल हातात धरून, मी ओरडू नये म्हणून. चारला एक आजी नातीला घेऊन, त्या अर्ध्यात थांबतात आणि चपला काढून बसतात. सहानंतर तर जत्राच!"

बाई भराभरा लिहीत होत्या. अधीक्षक आ वासून ऐकत होते.

"आणि एक मास्तर होते निवृत्त झालेले. रोज पाचला. गवताची काडी तोडून चघळत जायचे. रोज शिट्टी मारायचो मी, आणि ते रोज हात वर करून माफी मागायचे. दोन वर्षं झाली, येत नाहीत." काकांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. "गेले ते. त्यांना एकदा तरी बसा म्हणायला हवं होतं, मॅडम. एकतीस वर्षं मी माणसं मोजली ती फक्त हाकलायला."

काकू उठून त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. बाईंनी तेही लिहून घेतलं.

मग काकांनी दुपारभर एकेक पट्टी काढून कडेला टाकली. दोरीही सोडली. संध्याकाळी लोक आले ते दबकत आले, बाहेरच घोटाळले, काकांकडे बघत राहिले. काका म्हणाले, "या हो, या. वाट तुमचीच आहे." तरी कोणाचा विश्वास बसेना. शेवटी काकूच पुढे झाल्या, आणि मग त्यांच्या मागून सगळे. बाई तोवर थांबल्या होत्या. सगळं बघून मगच गेल्या.

दीड महिन्याने अधीक्षक पत्र घेऊन धावतच मैदानावर आले. निधी मंजूर झाला होता. मैदान आता नगरपालिकेचं, आणि त्यावर कधीही काही बांधायचं नाही अशी अट. अधीक्षकांनी काकांना मिठीच मारली. सोबत गुणांचा कागद होता. काकांनी चष्मा लावून तो वाचला. वापर, तीसपैकी तीस. देखभाल, दहापैकी तीन.

"हा तुमच्यावर अन्याय आहे," अधीक्षक म्हणाले. "मी लेखी कळवतो त्यांना."

"नका हो साहेब. बाई गेल्या तेव्हा मधलं लॉन मीच उपटून ठेवलं होतं. बरोबर दिलेत गुण."

संध्याकाळी घरी आल्यावर काकांनी तो कागद काकूंच्या हातात दिला.

"नापास झालो," ते म्हणाले.

काकूंनी कागद दोनदा वाचला, नीट घडी केली आणि नवऱ्याच्या खिशात ठेवला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पास झाला असता तर मैदान गेलं असतं."