वेशीवरचे बूट

तालुक्याचा अंमलदार म्हणून आला त्या दिवशी तान शौजिंग दक्षिण वेशीखाली क्षणभर थांबला होता. वर लाकडी पेट्यांत जुन्या अंमलदारांचे बूट टांगलेले. लाडका अंमलदार बदलून निघाला की गाव त्याच्या पायातले बूट काढून घेतं, अशी तिथली रीत. आपलेही बूट तिथं लागावेत, असं त्याला तेव्हा मनापासून वाटलं होतं.

आज ते लागणार होते आणि त्याचा जीव जळत होता.

कुआंग जमीनदाराने बांध घालून अर्धं तळं गिळलं होतं. आत त्याचा भात डुलायचा आणि तळ्यात न मावलेलं पाणी काठच्या गावांत शिरायचं. तानने बांध फोडायचा हुकूम काढला. कुआंगने ब्रही काढला नाही. उलट सुभेदाराकडे जाऊन त्याने तानची तोंड भरून स्तुती केली, असा हिरा आमच्या आडगावात कशाला कुजवता म्हणाला. बांधावर कुदळ पडण्याआधी तानची बढती येऊन थडकली. ताबडतोब निघायचं होतं, आणि बढती नाकारणं म्हणजे बादशहाचा अपमान.

वेशीपाशी फटाके वाजत होते. कुआंगने गुडघे टेकून तानचा उजवा बूट काढला. डावा काढला तळ्याकाठच्या बाओने. गेल्या पुरात याचा नातू वाहून गेला होता. म्हाताऱ्याने बूट छातीशी घट्ट धरला.

"अनवाणी कसं जाशील, सायेब? बांध फोड, मग जा."

तानला त्याच्याकडे बघवेना. तेवढ्यात कुआंगच्या नोकराने नवे बूट आणले आणि कुआंगने ते स्वतःच्या हाताने त्याच्या पायात चढवले. अगदी चपखल बसले.

"माप कधी घेतलंत?"

"आलात त्याच रात्री. दाराबाहेर काढून ठेवले होतेत ना," कुआंग अदबीने म्हणाला. "आम्ही सगळ्यांचंच घेऊन ठेवतो, साहेब. कुणाला कधी लागतील, सांगता येत नाही."

तानने वर पाहिलं. लाच खाणाऱ्यांचे बूट तिथं नव्हतेच. ते आपली मुदत इथंच सुखाने पुरी करून गेले होते. वर टांगले होते ते सगळे बांधाला हात घालायला निघालेल्यांचे.

बाओने ते नवे बूट पाहिले आणि हातातला जुना बूट खाली ठेवला.

"जा मग," तो म्हणाला. "तेबी असंच गेले."

जात नाही, एवढंच तानने म्हणायचं होतं. तो पालखीत बसला. नवे बूट कुठेही टोचत नव्हते.