कोण म्हणतंय ते आधी बघ

चाळीस वर्षं मी बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकं शिवली, पण वाचता एकही येत नव्हतं. पानांवरचे आकडे तेवढे ओळखायचे. साठी उलटल्यावर दादाच्या नातीने मला अक्षरं शिकवली.

त्याच सुमारास धाकट्या बहिणीचं पत्र आलं, पुढच्या महिन्यात भेटायला येऊ का? अकरा वर्षांपूर्वी ती न सांगता घरातून गेली आणि मनासारखं लग्न केलं. तेव्हापासून दादाने तिचं नाव टाकलं होतं. विषय निघाला की तो घरातला ग्रंथ खुणेच्या पानावर उघडायचा आणि वाचायचा, "घर सोडून गेला, त्याला उंबरा बंद." मग आमची तोंडंही बंद. ग्रंथापुढे कोण बोलणार?

या वेळी मीच ग्रंथ खाली काढला. दादासारखं मधलंच पान उघडून वाचणं मला कुठलं जमायला? पहिल्या पानापासून बोट ठेवत निघाले. वहिनी म्हणायची, या चालीने धाकटीची नातवंडंच येतील.

अठराव्या दिवशी ते वाक्य आलं. तिथली गोष्ट पुरी वाचून काढली आणि मग चहाच्या वेळी मी दादाला विचारलं, "हे कोण म्हणतंय?"

"देव. दुसरं कोण?"

"गोष्टीतला रागावलेला थोरला भाऊ म्हणतोय. पुढची चार पानं उलट. तोच अनवाणी धाकट्याला शोधत निघालाय."

दादाने चष्मा पुसला, पानं उलटली. मी जिंकल्याच्या तोऱ्यात ग्रंथ मिटायला गेले, तर वहिनीने हात धरला. धाकट्याचं काय झालं, तेही वाचा म्हणाली. ते मी लबाडीने गाळलं होतं. वाचावं लागलं. न सांगता गेलो, चुकलो, असं धाकटाही म्हणतो.

दादाचा चेहरा खुलला. म्हणजे आधी तिने बोलायचं, असं त्याने ठरवूनच टाकलं. आम्ही तिघांनी पान पुन्हा धुंडाळलं. दोघं वाटेत भेटले, एवढंच होतं. आधी कोण बोललं, ते नव्हतं.

ती यायच्या दिवशी दादा सकाळपासून खिडकीशी. कोपऱ्यावर ती नवऱ्यासोबत दिसली आणि हा गडी चपला न घालताच जिना उतरला. रस्त्यात दोघं एकदमच बोलायला लागले, एकदमच थांबले आणि हसत सुटले.

खिडकीतून वहिनी विचारत होती, "वन्सं, आधी कोण बोललं हो?"

"ग्रंथातही नाही," म्हटलं, आणि चहाचं आधण ठेवलं. पाच कपांचं.