खुर्चीची पाठ धरणारी

एक होता राजा. खरा राजा नव्हे हो, त्याची आई त्याला राजा म्हणायची म्हणून राजा. एक होती राजाची आई, तिला सगळे काकू म्हणत. एक होते काका, घड्याळं दुरुस्त करणारे. एक होती घुमी, काकांच्या वारलेल्या भावाची मुलगी. आणि एक होते मी. मी खुर्ची बोलतेय.

मला अक्षर येत नाही. पुस्तकांच्या दुकानात वीस वर्षं काढली, तरी अ कुठला आणि ढ कुठला ते मला सांगता यायचं नाही. पण माझ्यावर एकदा बसलेलं माणूस मी विसरत नाही. माणूस तोंडानं खोटं बोलेल, खोटं बसता मात्र कुणाला येत नाही.

एका मोडक्या पलंगाच्या लाकडातून सुतारानं आम्हा चौघी बहिणींना घडवलं. मी शेवटची. तोवर त्याचा हात दुखायला लागला होता, म्हणून माझ्या बैठकीच्या खालच्या बाजूला त्यानं रंधाच मारला नाही. "खाली कोण बघायला जातंय," म्हणाला. त्याचं हे बोलणं मी लक्षात ठेवलं. पुढं कामाला आलं.

आम्ही काकांच्या घरी आलो. राजा तेव्हा आठ वर्षांचा, घुमी सहाची. आई-बाप एकाच आठवड्यात गेले आणि पोर एका पिशवीसकट काकूच्या दारात उभी राहिली. बोलत नसे म्हणून काकूनं नाव पाडलं घुमी. तिचं खरं नाव त्या घरात कुणी घेतलंच नाही, त्यामुळं मलाही ठाऊक नव्हतं.

राजाला एक खोड होती. अभ्यासाला बसला की तो मला मागच्या दोन पायांवर झुलवायचा. एकदा मास्तरांसमोरच उलटा पडला. डोक्याला तीन टाके पडले. काकूनं आधी मला लाथ घातली, मग घुमीला बोलावलं.

"घुमे, आजपासून मागं उभी राहायचं. पाठ धरायची. राजा पडला तर तुला उभी सोलीन."

झालं. रोज चारला मास्तर यायचे आणि सहाला जायचे. ते दोन तास घुमी माझ्यामागं उभी. तिचे तळवे माझ्या पाठीच्या वरच्या पट्टीला दोन टोकांना घट्ट असायचे. मी जरा हलले की काकू येऊन तिच्या दंडाच्या आतल्या बाजूला चिमटा काढायची. तिथला काळानिळा डाग बाहेरच्याला दिसत नाही, म्हणून तिथं. राजाला हे कळलं तसा तो मुद्दाम झुलायला लागला.

काका? काकांना दुसऱ्याच्या घड्याळातला एवढासा बिघाड चार हातांवरून ऐकू यायचा. घरातलं मात्र काही ऐकू यायचं नाही.

पण मागं उभ्या असलेल्या माणसाला पुढचं सगळं दिसतं, हे काकूच्या ध्यानात आलं नाही. मास्तर पाटीवर लिहायचे राजासाठी, राजा खिडकीतून पक्षी मोजायचा आणि राजाच्या खांद्यावरून घुमी शिकायची. दुपारी काकू झोपली की ती टेबलाखाली शिरायची, माझ्याखाली उताणी पडायची आणि केसातल्या आकड्यानं माझ्या त्या खडबडीत पोटावर ओरखडायची. रोज थोडं. आधी गुदगुल्या व्हायच्या, मग सवय झाली. काय लिहिते ते मला कळत नव्हतं. वाटायचं, लहान पोर आहे, कोरतेय काहीतरी.

सहा वर्षं ती अशी उभी राहिली. बाराव्या वर्षी तिची मावशी आली, पोरीचा दंड बघितला आणि त्याच पावली तिला घेऊन गेली. काकू म्हणाली, "बरं झालं, खायला काळ नि भुईला भार." त्या दिवसानंतर माझ्या पोटावर कुणी हात लावला नाही.

वर्षं गेली. काका गेले. माझ्या बहिणी कुणी मोडल्या, कुणी बंबात गेल्या. राजानं पुस्तकांचं दुकान काढलं आणि मला तिकडं नेलं. काळा रंग दिला, वर लाल गादी ठोकली. खाली रंग दिला नाही. खाली कोण बघायला जातंय.

राजा पुस्तकं विकायचा, वाचायचा नाही. दर रविवारी दुपारी तो एका लेखकाला बोलवायचा. लेखकानं माझ्यावर बसायचं, लोकांनी रांग लावायची, लेखकानं पुस्तकावर सही करून द्यायची. काय काय माणसं बसली माझ्यावर! एक गृहस्थ रांग नाही म्हणून स्वतःच्याच पुस्तकाची पानं उलटत बसले. शेवटी एक बाई पुढं आली. ते हरखून उठले, तर तिनं विचारलं, मुतारी कुठाय. एक जण सगळ्या नातेवाइकांना घेऊन आला आणि तेच तेच मेहुणे रांगेत तीनदा उभे राहिले. सगळ्यांच्या मांड्या थरथरायच्या. बाहेरून कितीही हसू दे, खाली थरथर.

त्यातले एक म्हातारे लेखक तीन तास हलेनात. राजाला दुकान बंद करायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं सुतार आणला आणि माझे पुढचे दोन पाय बोटभर कापून टाकले. आता बसलेलं माणूस आपोआप पुढं घसरायचं. सावरायचं, परत घसरायचं. अर्ध्या तासात कंबर धरून उठायचं. बिचाऱ्यांना वाटायचं, आपण घाबरलोय म्हणून असं होतंय. राजा गल्ल्याशी उभा राहून गालातल्या गालात हसायचा. लहानपणी मला मुद्दाम झुलवताना हसायचा, तसाच. मला लाज वाटायची, पण पाय कापलेली खुर्ची कुणाला काय सांगणार?

मग एका रविवारी एक बाई आली. पन्नाशीच्या पुढची. गणवेश शिवायच्या कारखान्यात काजं करून करून तिची बोटं वाकडी झाली होती. बरोबर तिची लेक होती आणि एक सडपातळ प्रकाशक. प्रकाशकाच्या कपाळाला घाम. तो बाईला हळूच म्हणत होता, तुम्ही पुस्तकात ज्या घराविषयी लिहिलंय, त्या घरानं इथं उभं राहून खोटं म्हटलं, तर मी याची एकही प्रत पुढं काढू शकणार नाही. तरी मी सांगत होतो, हे दुकान नको.

"इथंच," बाई म्हणाली.

पण तिचा रुमाल ओला झाला होता. दोन वेळा तिनं लेकीला विचारलं, पेन आहे ना. पेन तिच्याच हातात होतं. बसायच्या आधी ती माझ्यामागं गेली आणि आधारासाठी तिनं माझी पाठ धरली. दोन टोकांना. घट्ट.

अगं बाई. ही तर घुमी.

मी ओळखलं, तिनं नाही. काळा रंग आणि लाल गादी बघून कोण ओळखणार? ती बसली आणि लगेच घसरली. सावरली. परत घसरली.

राजानं भाषण केलं. ही माझी चुलत बहीण, आमच्याच घरात वाढली, आमच्याच घरात अक्षर गिरवलं, आज आम्हाला अभिमान आहे. पुस्तक त्यानं उघडलंही नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रांग लागली, चांगली दारापर्यंत. घुमीनं पहिलं पुस्तक समोर घेतलं आणि टोपण काढलं.

तेवढ्यात रांग सोडून काकू पुढं आली. ऐंशीच्या घरातली, हातात काठी, पण आवाज तोच. शेजारणीनं तिला अख्खं पुस्तक वाचून दाखवलं होतं.

"एक पान खरं नाही यात," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "राजाच्या ताटाला ताट लावून जेवली ही. म्हणे मला उभं करायचे. म्हणे मी खुर्चीखाली पडून लिहायला शिकले. कुठंय गं ती खुर्ची? दाखव की."

कुणी तरी फिसकन हसलं. मागून एक जण म्हणाला, हल्ली दुःख बरं विकलं जातं. प्रकाशकानं डोळे मिटले. घुमीनं तोंड उघडलं आणि तिला बोलताच येईना. सहा वर्षांची असताना जशी गप्प व्हायची, तशी. ती उठायला गेली, पुढं घसरली आणि धाडकन जमिनीवर बसली. तिच्या धक्क्यानं मी मागं आपटले. पाय वर, पोट लोकांकडं.

लोक हसले. खोटं नाही सांगत, हसले. काकूही हसली.

राजा लगबगीनं मला सरळ करायला धावला. पण लेकीनं माझा पाय धरला होता. ती वाकून बघत होती.

"थांबा मामा," ती म्हणाली. "इथं काहीतरी लिहिलंय."

मग तिनं मोठ्यानं वाचलं. आधी नुसती अक्षरं होती. अ, आ, एक उलटा ग, दोनदा खोडलेला ण. त्याखाली ओळ.

"मी इथं खाली असते. कोणाला सांगू नको."

पुस्तकात हीच ओळ होती, अक्षरही इकडचं तिकडं नाही. रांगेतल्या एका बाईनं पान काढून सगळ्यांना दाखवलं.

मी काय सांगू तुम्हाला. चाळीस-पंचेचाळीस वर्षं माझ्या पोटावर माझ्यासाठीच निरोप होता आणि मला वाचता येत नव्हतं. तरी मी तो पाळला होता.

मघा हसलेल्या माणसानं मान खाली घातली. लेकीनं मला उभं केलं, आईला हात दिला. काकूचा चेहरा पिठासारखा झाला होता. ती म्हणाली, "बसायला द्या रे मला." दुकानात दुसरी खुर्ची नव्हती. लोकांनी बसू नये म्हणून राजानं ठेवलीच नव्हती.

घुमी माझ्यावर बसली. घसरली. मग शांतपणे म्हणाली,

"काकू, मागं या. ही खुर्ची पुढं कलते. पाठ धरा."

राजा म्हणाला, आईला कशाला, मी धरतो. घुमीनं त्याच्याकडं बघितलंही नाही. "तू झुलवतोस," म्हणाली.

सगळं दुकान बघत होतं. काकू काठी टेकत मागं आली. तिचे हात माझ्या पाठीवर पडले, थंड, नुसती हाडं. माझं कलणं थांबलं, घुमीचं घसरणंही. घुमीनं पहिली सही केली. मग दुसरी. रांग सरकत राहिली. काकूचा सगळा भार हळूहळू माझ्या पाठीवर येत चालला होता.

तासाभरानं लेक कानाशी लागली. "आई, पुरे. त्या पडतील."

"मी नव्हते पडले," घुमी म्हणाली आणि पुढच्या बाईला नाव विचारलं.

शेवटी लेकीनंच काकूची बोटं एकेक करून माझ्यावरून सोडवली आणि तिला पुस्तकांच्या गठ्ठ्यावर नेऊन बसवलं. घुमीनं मान वर केली नाही. मला विचाराल तर मला तो तास आवडला. वाईट वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही. पण मी लाकूड आहे, देव नाही.

त्या दिवशी दुकानात एक प्रत उरली नाही. प्रकाशकानं दुसरी आवृत्ती काढली, मग तिसरी, आणि दुसरं पुस्तक लिहा म्हणून तो घरी येऊन बसला. घुमीनं कारखाना सोडला. राजानं मला फुकट देऊन टाकलं, वर म्हणाला, घेऊन जा, ही मला नको. काकू त्यानंतर फार दिवस राहिली नाही. घुमी भेटायला गेली नाही. हे मी झाकून ठेवत नाही.

घरी आल्यावर तिनं सुतार बोलावला. तो म्हणाला, पुढच्या पायांना तुकडे जोडतो. ती म्हणाली, नको, मागचेही बोटभर काप. कापताना दुखलं. पण आता माझे चारी पाय सारखे आहेत. मी बुटकी झालेय, मोठ्या माणसाचे गुडघे वर येतात. खुर्ची द्यायची तर पाय सारखे असलेली द्यावी, नाहीतर उभं राहा म्हणावं, एवढंच माझं सगळ्यांना सांगणं.

बुटकी झाले म्हणून लेकीच्या सहा वर्षांच्या मुलीचे पाय जमिनीला टेकतात. ती माझ्यावर बसून धडा वाचते, आणि तिलाही खोड आहे, झुलायची. ती झुलायला लागली की घुमी हातातलं काम टाकून येते, माझ्यामागं उभी राहते आणि पाठ धरते. दोन टोकांना, पण आता हलक्या हातानं. कुणी सांगितलेलं नाही.

परवा पोरगी वाचता वाचता थांबली. मागं वळून म्हणाली, "आजी, तू कशाला उभी?" आणि अंग चोरून तिनं माझ्यावर अर्धी जागा केली.

घुमी बसली.