घोड्याचा केस

मंदाबाईने कुत्र्याच्या कानातली गोचीड चिमटीत धरून उपटली आणि रॉकेलच्या वाटीत टाकली. भुऱ्या कुईं करून गप्प झाला. दरेकशाच्या जंगलात दिवसभर हिंडणारा कुत्रा, त्याच्या अंगावर गोचिड्या नसतील तर काय मोती असतील!

खरं तर आज तिचं कशातच लक्ष नव्हतं. नात गुंजन अंगणातल्या खाटेवर पडून होती. परवा चालताचालता लटपटली, काल उभी राहीना, आज हातात पेला धरवेना. ताप नाही, दुखणं नाही. मीठ-मिरची ओवाळून झाली होती. तिचा बाप, म्हणजे मंदाबाईचा मुलगा खुशाल, जीप आणायला सालेकशाला गेला होता. भुऱ्याचे कान साफ कर, हा हट्ट गुंजनचाच, म्हणून मंदाबाई बसली होती. भुऱ्या रोज तिच्याच खाटेवर झोपायचा.

कानाच्या मुळाशी एक टम्म फुगलेली निघाली. राखाडी, वाटाण्याएवढी. अशी एखादी चिकटून राहिली की तिच्या विषाने वासरूसुद्धा लुळं पडतं, हे मंदाबाईने पाहिलं होतं. तिने ती तळहातावर घेऊन पोरीला दाखवली. पाय पोटाखाली गेले की नुसता गुळगुळीत फोडच वाटत होता.

गुंजन बराच वेळ बघत राहिली. जीभ जड झाली होती.

"आजी, माया मसासारखी हाय."

मंदाबाईने हातातली गोचीड वाटीत टाकली. मागच्या बाजाराच्या दिवशी वेणी घालताना तिला पोरीच्या कानामागे मस दिसला होता. तिनेच त्याला घोड्याच्या शेपटीचा केस बांधला. केस बांधला की मस सुकतो, आपोआप गळतो. तोवर त्याला कोणी हात लावायचा नाही, ही तिच्या माहेरची रीत. सून तेल लावायला गेली, तर मंदाबाई तिच्यावर केवढी खेकसली होती. तेव्हापासून त्या बाजूचे केस कोणी विंचरलेच नव्हते.

तिने गुंजनचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानामागचे केस बाजूला सारले. गाठ घट्ट होती. मस सुकला नव्हता, चांगला फुगला होता. तिने नखाने त्याची कड उचलली.

गाठीखाली बारीक पाय हलले.

"गळला काय वं, आजी?"

मंदाबाईला रडू फुटलं.

"नाही, माय. मीनंच बांधून ठेवली होती."