नववी माफी

श्रेयसने नवव्यांदा माफी मागितली आणि ‘सबमिट’चं बटण दाबलं.

आधीच्या आठ माफ्या टीममधल्या इतरांच्या होत्या, नववी जयदीपची. सक्तीची सगळी ट्रेनिंग्ज टीममधल्या सगळ्यात ज्युनियर माणसाने सगळ्यांच्या नावाने उरकायची, ही पद्धत कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून एडमंटनला जशीच्या तशी आली होती. सायबर सुरक्षा, आगीपासून बचाव, खुर्चीत कसं बसावं. नऊ जणांच्या वतीने श्रेयस वर्षभर ताठ बसला होता. या वेळचा विषय होता कॅनडातल्या मूळ रहिवाशांचा इतिहास आणि त्यांच्याशी समेट. पाच धडे, एक चाचणी आणि शेवटी रिकामी चौकट: ‘यावरून तुमच्या स्वतःच्या आयुष्यातलं काय आठवलं?’ किमान दोनशे शब्द, आणि खाली माफीचं वाक्य.

“तेवढं निपटवून टाक बे,” टीम लीड जयदीप म्हणाला होता, “मग तुझं परमनंटचं लेटर काढतो.”

श्रेयसचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीला संपत होतं आणि त्याच्याबरोबर वर्क परमिटही.

त्यामुळे त्याने आठ जणांना बालपणं वाटली. वीणाला नदीकाठ दिला, परीक्षितला दुष्काळ. दादरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या उन्मेषला एक बैल दिला, त्याचं नाव ढवळ्या ठेवलं आणि चौथ्या ओळीत मारला. जयदीपपर्यंत येईतो साठा संपला. तिसऱ्या धड्यातला फोटो तो नवव्यांदा बघत होता. घरून उचलून निवासी शाळेत ठेवलेली मूळ रहिवाशांची मुलं, एकसारखे कापलेले केस, आणि खाली ओळ: घरची नावं काढून घेतली, नंबर दिले. डोळे चुरचुरत होते. काही न रचता त्याने दोनशे शब्द लिहून टाकले आणि खाली जयदीपचं नाव घातलं.

असले फॉर्म कुणी वाचत नाही. त्यांची तेवढीच एक बाजू चांगली होती.

तीस सप्टेंबरच्या आदल्या दिवशी जयदीपने त्याला मीटिंग रूममध्ये ओढलं. तो त्या शाळांमधल्या मुलांच्या आठवणीचा दिवस; त्यानिमित्त घालायचे नारिंगी टी-शर्ट ऑफिसने वाटले होते. जयदीपने आपला गणपतीच्या मिरवणुकीतच वापरून घेतला होता. तोच आता अंगात होता, छातीवर गुलाल राहिला होता.

“ही निकोल कोण बे? ट्रेनिंगवाली? म्हणते, तुमच्या वडिलांबद्दल बोलायचंय. पाच मिनिटांत कॉल आहे. काय लिहिलंस तू?”

“तुमचे वडील आश्रमशाळेत हेडमास्तर होते, असं.”

“माझे बाबा बँकेत होते!”

“दादा, बँकेचे दोनशे शब्द होत नव्हते.”

“बरं, मग? काय केलं माझ्या बाबांनी?”

“सातपुड्यातनं आदिवासी मुलं यायची. पहिल्या दिवशी न्हावी, मग रजिस्टर. त्यांची घरची नावं सरांना बरी वाटायची नाहीत. मग सर चांगली ठेवायचे. एका वर्गात तीन शिवाजी झाले. शिवाजी एक, शिवाजी दोन, शिवाजी तीन.”

जयदीप खो खो हसला. मग थांबला.

“हे रचलंयस ना तू?”

श्रेयसने चार्जरची पिन सॉकेटमध्ये नीट बसवली. ती नीटच बसलेली होती.

निकोल पडद्यावर आली. पन्नाशीची, क्री या मूळ जमातीतली बाई, चष्मा कपाळावर, आवाज थकलेला.

“वर्षाला हजारभर फॉर्म वाचते मी,” ती म्हणाली. “तुमच्या टीममध्ये एक बैल मेलाय. वाईट वाटलं. पण तुमचा वाचून वेगळं वाटलं, जयदीप. माझ्या आईला शाळेत एकवीस म्हणायचे. म्हातारपणी बिंगो खेळताना तो आकडा आला, की ती कार्ड पालथं घालायची. मग डाव जिंकत असली तरी.”

जयदीपने गुलालावर हात ठेवला.

“त्या मुलांपैकी कुणी तुमच्या ओळखीचं होतं?”

“बाबा... फार बिझी असायचे,” जयदीप म्हणाला आणि टेबलाखालून त्याने श्रेयसला लाथ मारली.

श्रेयसने लॅपटॉप आपल्याकडे वळवला.

“ते माझे वडील,” तो म्हणाला. “नऊही फॉर्म मीच लिहिलेत.”

“अबे,” जयदीप बिनआवाजी म्हणाला.

“आणि तुमचा स्वतःचा?” निकोलने विचारलं.

“राहिलाय.”

“हे मला वर कळवावं लागेल.”

“हो.”

तिने पेन उचललं आणि काहीतरी लिहिलं. दोनच ओळी असाव्यात. मग वर बघितलं.

“आता तुम्हाला विचारते. कुणी ओळखीचं होतं?”

“शिवाजी दोन. दुसरीपासून सातवीपर्यंत एका बाकावर होतो आम्ही. त्यानेच मला पोहायला शिकवलं. पोटाखाली हात धरायचा आणि न सांगता काढून घ्यायचा.”

“घरी त्याला काय म्हणायचे?”

श्रेयसने सहा वर्षांची हजेरी मनात वाचली; सगळीकडे शिवाजी दोनच होतं.

“ठोक ना काहीतरी,” जयदीप मराठीत पुटपुटला. “तिला काय कळतंय?”

निकोलने पेन खाली ठेवलं होतं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेऊन ती थांबली होती. तिला घाई दिसत नव्हती.